सांगलीहून परदेशी: बँकॉक की सिंगापूर?

दिवाळीच्या सुट्टीत उंच इमारती बघायच्या आणि मनसोक्त खायचं, एवढाच बेत असेल तर घरात ही दोन नावं फिरत राहतात. दोन्हीकडं जायला आधी मुंबई गाठायची. तिथून विमान बँकॉकला साधारण चार-साडेचार तास, सिंगापूरला साडेपाच. हा फरक सोडून द्या. इमारतींवरूनही ठरवू नका, ताटावरून ठरवा.

तरी इमारतींचं आधी उरकतो. सिंगापूरचं सगळं एका खाडीभोवती गोळा झालंय. मर्लायन या सिंहमुखी माशाच्या पुतळ्यापाशी उभं राहिलं की समोर मरिना बे सँड्स हॉटेलचे तीन मनोरे आणि त्यांवरची जहाजासारखी गच्ची. रात्री पाण्यावरचा लाइट शो आणि गार्डन्स बाय द बेमधला झाडांचा शो, दोन्ही फुकट. त्या गच्चीवर तिकीट काढून जाण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. जी इमारत बघायला आलात, तिच्याच डोक्यावर बसलात तर ती दिसणार कशी?

बँकॉकचे टॉवर गावभर विखुरलेत, रस्त्यावरून फारसं काही दिसत नाही. तिथं मात्र वर चढायलाच हवं. ३१४ मीटर उंच महानाखोन टॉवरच्या गच्चीवर काचेची जमीन आहे. आयर्विन पुलावरून वाकताना ज्याचे पाय लटपटतात, त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये; त्यानं चाओ फ्राया नदीतली साधी प्रवासी बोट धरावी. दिवस कलताना ‘वाट अरुण’ या बौद्ध मंदिराचं शिखर बोटीतून दिसतं, आणि तिकीट अगदी किरकोळ.

आता ताट. सगळं खाणारी मंडळी असाल तर बँकॉकला तोड नाही. याओवरात या चिनी वस्तीत संध्याकाळी रस्ताच जेवणघर होतो. पण शाकाहारी माणसाची तिथं पंचाईत होते. भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो, सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी. उपाय आहे: पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली की ते ‘जे’ नावाचं जेवण. मांस-मासे नाहीत, वर कांदा-लसूणही नाही. आपल्याकडच्या जैन घरांना हे सोयीचं; कंदमुळांचं मात्र विचारून घ्यावं लागतं.

सिंगापूरला ही शोधाशोध कमी. लिटल इंडियात कोमला विलास हे हॉटेल १९४७पासून डोसे घालतंय, आणि जवळच्या टेक्का सेंटरमध्ये पाच-सहा सिंगापूर डॉलरला पोट भरतं. अशा हॉकर सेंटरची, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांची, संस्कृती २०२०मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. तिथं टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसू नका. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखी ती जागा धरलेली असते. आणि ताट उचलून ठेवायचं, नाहीतर दंड.

आजी-आजोबा सोबत, त्यात घर शाकाहारी, तर मी सिंगापूर म्हणेन, खर्च जास्त असला तरी. हॉटेलच्या भाड्यातच तो फरक जाणवतो. दोघंच असाल आणि तिखटाला घाबरत नसाल तर डोळे मिटून बँकॉक.

दिवाळी नोव्हेंबरात आली तर बँकॉकचा पाऊस ओसरलेला असतो. सिंगापूरला तेव्हाच पावसाचा जोर वाढू लागतो. पण सेरंगून रोडवर दिवाळीची रोषणाई असते, छत्री घेऊन बघायची. सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. थायलंडचे नियम अलीकडं बदलत राहिलेत, तेव्हा तिकीट काढायच्या आधी ते तपासा.