दोन सर्व्हर, चार डिझायनर: एनएफएस, ग्लस्टर की सेफ?

वडोदऱ्याच्या मांजलपूरला माझ्या आतेभावाचा लग्नाच्या अल्बमचा स्टुडिओ आहे. चार डिझायनर, दोन जुने सर्व्हर, सगळीकडे लिनक्स. परवा सेव उसळ खाता खाता त्याने विचारलं, "दादा, सगळ्यांना एकच फोल्डर दिसायला हवं आणि एक सर्व्हर बसला तरी काम थांबायला नको. काय टाकू?" या मागण्या दोन आहेत. पहिली फुकटात भागते, दुसरी पैसे आणि झोप दोन्ही खाते.

पहिलीसाठी एनएफएस, म्हणजे एका सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून सगळ्यांना दाखवणारी पद्धत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेलं, अजूनही धडधाकट. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (कुठलं फोल्डर कोणाला द्यायचं त्या यादीत) एक ओळ, क्लायंटवर, म्हणजे डिझायनरच्या मशीनवर, माउंट (ते फोल्डर जोडायचं), झालं. चौथ्या आवृत्तीला फायरवॉलमध्ये २०४९ हा एकच पोर्ट पुरतो. फक्त युजर आयडी (प्रत्येक युजरचा क्रमांक) आधी जुळवून घ्या, नाहीतर एका मशीनवरचा १००१ दुसऱ्यावर भलताच माणूस निघतो. आणि सर्व्हर बसला की क्लायंट ताटकळत राहतो. डिस्कवर किती जागा आहे ते सांगणारी साधी डीएफ कमांडसुद्धा अडकते.

दुसऱ्या मागणीसाठी मी पूर्वी ग्लस्टर वापरलं; ते अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच फोल्डर दाखवतं. दोन खोल्या, दोन स्विच, दोन्हीकडे एकेक सर्व्हर, प्रत्येक फाइलच्या दोन प्रती. झाडू मारताना खोल्यांमधली केबल निघाली. दोन्हीकडचे लोक आपापल्या सर्व्हरवर तीच फाइल सेव्ह करत राहिले. केबल लावल्यावर खरी प्रत कुठली हे ग्लस्टरला ठरवता येईना. फाइल उघडली की 'इनपुट-आउटपुट एरर'. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. म्हणून दोनवर थांबू नका, तिसरा आर्बिटर, म्हणजे खरी प्रत कुठली हे ठरवायला पंच, हवाच. त्यात फक्त फाइलींची नावं आणि माहिती राहते, जुना पीसीही चालतो. ग्लस्टरचा एक गुण मात्र मला फार आवडतो: शार्डिंग (फाइलचे तुकडे करून ठेवणं) लावलं नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, फाइल अख्खी तिथेच सापडते. पण हजारो थंबनेल असतील तर ते रांगतं. शिवाय रेड हॅटने आपल्या ग्लस्टर उत्पादनाचा आधार २०२४ अखेर थांबवला. नवीन काम त्यावर मी तरी उभारणार नाही.

सेफ (Ceph) हाही अनेक सर्व्हरवर चालणारा, तिघांत सगळ्यात ताकदवान. फाइलचे तुकडे करून डिस्कांवर पसरतो, बिघडलं तर स्वतः दुरुस्त करतो. पण हिशोब बघा: तीन प्रती म्हणजे १२ टीबी विकत घेतल्यावर हाती ४ टीबी, आणि तेही ८५ टक्क्यांपुढे भरलं की तो कुरकुरायला लागतो. दर डिस्कमागे साधारण ४ जीबी रॅम. तीन मशीनपैकी एक गेलं तरी काम चालतं, पण तिसरी प्रत ठेवायला जागाच नसल्याने दुरुस्ती अडते. म्हणून चार मशीन धरा. एक गिगाबिटच्या केबलवर प्रत्येक फाइलच्या जादा प्रतीही धावणार, तेव्हा दहा गिगाबिट हवं. आणि हे सगळं समजणारा माणूस हवा.

आतेभावाकडे एनएफएसच टाकलं. दुसऱ्या सर्व्हरवर दर तासाला आरसिंक (बदललेल्या फाइलींची नक्कल करणारी कमांड), तेही डिलीटचा पर्याय न लावता, म्हणजे चुकून उडवलेली फाइल तिथे शिल्लक राहते. पहिला बसला तर माउंट दुसऱ्याकडे वळवायचं; फार तर तासाभराचं काम जाईल. "लग्नसराईत तासही जड असतो रे," तो म्हणाला. मग दर पंधरा मिनिटांनी लावलं.