मनिला: स्पेनचा तट आणि अमेरिकेचे रस्ते

फिलिपिन्सच्या राजधानीत, मनिलात, दोन राजवटी शेजारी शेजारी दिसतात: आधी स्पेनची, मग अमेरिकेची. इंत्रामुरोस, म्हणजे तटाच्या आतलं शहर, स्पेनचं. बाहेरच्या रुंद रस्त्यांवर आणि सरकारी इमारतींवर अमेरिकेच्या १९०५ च्या बर्नहॅम आराखड्याची, म्हणजे वास्तुविशारद बर्नहॅमच्या नगररचनेची छाप.

स्पेनने माणसं भिंतीने वेगळी केली. आत स्पॅनिश, बाहेर पारियान या वस्तीत चिनी व्यापारी आणि कारागीर, ज्यांच्यावाचून आतल्यांचं पान हलत नसे. हुकूम थेट घरात शिरला तो १८४९ मध्ये: गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची यादी काढून ती गावोगाव वाटली. गोव्यात पोर्तुगीज आडनावं बाप्तिस्म्यासोबत आली, इथे सरकारी नोंदींच्या सोयीसाठी. जुन्या घरांच्या खिडक्यांना मात्र गोव्यासारखीच शिंपल्यांची तावदानं. त्यातून येणारा तो दुधी, मऊ उजेड!

भाषेत मात्र अमेरिकेचा हात खोलवर गेला. तीनशेहून अधिक वर्षांत स्पॅनिश मूठभरांचीच राहिली, कारण पाद्रीच टागालोगसारख्या स्थानिक भाषांत उपदेश करत. अमेरिकेने १९०१ मध्ये ‘थॉमस’ जहाजातून सुमारे ५०० शिक्षक आणले आणि अर्ध्या शतकाच्या आत इंग्रजी कचेरीत, वर्गात रुळली. या सरकारी शाळांचं मोल मी मानतो. पण त्या उघडल्या तेव्हा स्वातंत्र्य मागणाऱ्या फिलिपिनोंशी अमेरिकेचं युद्ध चालूच होतं, हे विसरवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, अमेरिका आणि जपान यांच्यातल्या १९४५ च्या लढाईत इंत्रामुरोस जवळजवळ संपलं. १६०७ चं सान अगुस्तिन चर्च तेवढं उभं राहिलं.