फायबर म्हणून लॅनची केबल: वर्षाचे पैसे आगाऊ मागणाऱ्यांपासून सावध

घरी फायबरचं, म्हणजे काचतंतूतून येणारं, इंटरनेट घ्यायचं ठरलं आणि वर्षाचे पैसे एकदम मागणारा कुणी दारात आला, तर त्याला आधी एवढंच विचारा: कनेक्शन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या मोबाईलवर नोंदवणार? उत्तर देताना तो चुळबुळ करायला लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आमच्या लेनमधल्या सात घरांचे मिळून साठ हजारांच्या आसपास रुपये अडकले आहेत. घरटी सात हजार वर्षाचे आणि दीड हजार राऊटरचं डिपॉझिट.

आमची रो-हाऊसची लेन नाशिकला, अंबड एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. पैसे घेणारा गृहस्थ परका नव्हता. टीव्हीची केबल त्याचीच, सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले तेही त्यानेच बसवलेले. लोक ओटीटीकडे वळले तसा त्याचा केबलचा धंदा बसत गेला आणि त्याने इंटरनेट सुरू केलं. यात गैर काहीच नाही. आपल्याकडे बऱ्याच मोठ्या कंपन्यांचं ब्रॉडबँड स्थानिक केबलवाल्यामार्फतच घरात येतं. परवाना कंपनीचा आणि शेवटची वायर केबलवाल्याची, अशी वाटणी असते. त्याने एका नावाजलेल्या कंपनीचं हँडबिल दाखवलं आणि म्हणाला, "वहिनी, कंपनीत गेलात तर ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे वर्षाला साडेआठ हजारांच्या घरात जातं. मी सात हजारांत देतो. वर दोन महिने फुकट, वायरिंग फुकट. आपलीच माणसं आहात." सगळ्यांच्या घरून आधारची झेरॉक्स आणि एकेक फोटो घेऊन गेला. अर्जावर सही मात्र कुणाचीच घेतली नाही. कंपनीचा ग्राहक क्रमांकही कुणाला मिळाला नाही. मिळाली ती पावती-पुस्तकातली गुलाबी पावती. तिच्यावर "जीएसटीसह" असं पेनाने लिहिलेलं, पण जीएसटी क्रमांकाची जागा कोरी.

नेट सुरू झालं आणि पळालंही. त्याच्या पोराने दुपारी स्पीड टेस्ट करून दाखवली, शंभर एमबीपीएसला टेकलेली. तेव्हा लेनमध्ये दोनच घरं जोडलेली होती आणि दुपारी बाराला घरात असतं कोण? ही टेस्ट रात्री नऊला, सगळ्यांचे टीव्ही चालू असताना करून दाखवा म्हणावं.

पुढे बारीकसारीक गोष्टी खटकायला लागल्या. पहिली म्हणजे लाइट. माझं हिशेबाचं काम घरून चालतं म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर टाकलेला आहे. तरी महावितरणची लाइट गेली की त्याच क्षणी नेटही जायचं. राऊटरचे दिवे चालू, वाय-फाय दाखवतंय, नेट नाही. विचारलं तर म्हणे, "टॉवरला बॅकअप नाही." कसला टॉवर? घरगुती फायबरमध्ये कंपनीच्या एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत वाटेत विजेवर चालणारं सहसा काही नसतंच. मध्ये एक स्प्लिटर असतो, तो एका काचतंतूतला प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटून देतो. त्याला वीज लागत नाही. एक्स्चेंजला बॅटरी आणि जनरेटर असतात. म्हणजे आपल्या घरचा डबा इन्व्हर्टरवर असेल तर गल्लीतली लाइट जाऊनही नेट टिकायला हवं. आमचं टिकत नव्हतं, म्हणजे वाटेत कुठेतरी प्लगला लावलेली वस्तू होती.

दुसरी गोष्ट महिनाअखेरची. वीस-बावीस तारखेनंतर नेट रांगायचं आणि एक तारखेला पुन्हा उठून धावायचं. "अनलिमिटेड" म्हणवणाऱ्या बऱ्याच घरगुती प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. ती संपली की वेग पाडतात. एका घराला एवढा डेटा संपवायचा म्हटलं तर घाम फुटेल. सात घरांनी मिळून रोज दीडशेक जीबी ओढला, तर मात्र वीस-बावीस तारखेलाच ती संपते.

तिसऱ्या गोष्टीने सगळं उघडं पाडलं. एका संध्याकाळी मुलीने फोनवरचं कार्टून टीव्हीवर टाकायला कास्टचं बटण दाबलं, तर यादीत आमच्या टीव्हीच्या खाली पलीकडच्या घरातल्या काकांच्या बेडरूमचा टीव्ही. त्याखाली आणखी कुणाचा तरी प्रिंटर. मुलगी हसत सुटली आणि माझ्या पोटात गोळा आला. शेजाऱ्याचा टीव्ही माझ्या फोनवर दिसतो म्हणजे आम्ही एकाच घरगुती नेटवर्कवर आहोत. माझ्या लॅपटॉपवर लोकांच्या ताळेबंदांच्या फायली असतात.

राऊटर उलटा करून पाहिला. खऱ्या फायबरच्या डब्याला, ज्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, एक बारीक वायर येते आणि तिच्या टोकाला सहसा हिरवा, कधी निळा, चौकोनी प्लास्टिकचा कनेक्टर असतो. डब्यावर पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असतो आणि प्रकाश येत नसेल तर लॉस नावाचा दिवा लाल होतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. साधा वाय-फाय राऊटर, त्यात टेलिफोनसारख्या पण जरा रुंद पिनची राखाडी केबल, म्हणजे तांब्याची लॅन केबल. तीही इंटरनेटच्या निळ्या खाचेत नाही, बाजूच्या पिवळ्या खाचेत. निळी खाच धूळ खात रिकामी. म्हणजे हा राऊटर नुसता वाय-फाय पसरवणारा खांब होता, इंटरनेट दुसऱ्याच कुणाच्या राऊटरमधून येत होतं.

केबल कुठे जाते ते बघायला बाहेर पडलो. खांबावरून खांबावर, लेनच्या तोंडाशी असलेल्या कोपऱ्यावरच्या घरात. तिथे जिन्याखाली एक पत्र्याचा डबा, त्यात खरा ओएनटी, शेजारी एक नेट अनेक केबलींत वाटणारा आठ खाचांचा स्विच आणि त्यातून निघालेल्या सात राखाडी केबली. वीज त्याच घरच्या मीटरवरून. सगळ्या लेनला मिळून कंपनीचं एकच घरगुती कनेक्शन होतं, तेही केबलवाल्याच्या नावावर आणि महिन्याच्या महिन्याला रिचार्ज होणारं. आम्ही वर्षाचे पैसे दिले होते आणि तो त्यातून सातांचं मिळून एकच महिन्याचं बिल भरत होता. बाकीची रक्कम खिशात. लेनच्या टोकाच्या घरी नेट सारखं का तुटायचं तेही कळलं. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत नीट चालते, त्यापुढे तिचा भरवसा नाही.

मे अखेरच्या वळवात वीज कडाडली आणि तीन घरांचे राऊटर गेले. त्याने नव्या राऊटरचे प्रत्येकी अठराशे मागितले, वर "आकाशातल्या विजेला मी काय करणार?" आता हे ऐका. तिन्ही राऊटरचे अडॅप्टर शाबूत, वाय-फायचं नावही दिसतंय, जळाल्या त्या फक्त केबलच्या खाचा. वीज आली ती केबलमधून आली. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, करंट नाही. फायबर असतं तर त्या खाचेत वीज शिरलीच नसती. हे त्याला तोंडावर सांगितलं तर म्हणाला, "तुम्हाला टेक्निकल कळत नाही, वहिनी."

कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर पहिला प्रश्न, नोंदणीकृत मोबाईल कोणता? तो आमचा नव्हताच, त्यामुळे त्यांच्या लेखी आम्ही ग्राहकच नाही. यात ग्यानबाची मेख आहे. मोबाईल तुमचा नसेल तर ओटीपी तुम्हाला येत नाही, प्लॅन दिसत नाही, रिचार्ज कधी संपतो ते कळत नाही आणि तक्रारीचा क्रमांकही मिळत नाही. शेवटी ओएनटीवरच्या स्टिकरचा फोटो जोडून कंपनीला ईमेल केला की तुमचं घरगुती कनेक्शन इथे वाटून विकलं जातंय. त्यांनी ते तोडलं. सगळी लेन एकदम अंधारात. मग केबलवाल्याचा फोन आला. मी त्याच्यावर चिडायचं, तर तोच माझ्यावर चिडला होता!

पैशांचं म्हणाल तर ज्यांनी यूपीआयने दिले होते त्यांच्याकडे पुरावा होता. पैसे कंपनीच्या नव्हे, त्याच्या बायकोच्या खात्यात गेलेले दिसले. त्या घरांना थोडे थोडे परत मिळाले. माझ्या सासऱ्यांसारख्या रोख देणाऱ्यांच्या हाती गुलाबी पावती. पोलीस चौकीत आधी "हा दिवाणी मामला आहे" ऐकवलं. लेखी अर्ज देऊन त्याची पोच घेतली तेव्हा कुठे त्याला बोलावणं गेलं. फसवणुकीचं जुनं ४२० आता राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, अर्जात तेच लिहा. "इंटरनेटच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत" असंही आम्हाला केबलवाल्याने सुनावलं होतं. ते खोटं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच टेलिकॉम सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे नेता येतात असा निकाल दिला आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करून ठेवा. ट्राय, म्हणजे टेलिकॉमची नियामक संस्था, मात्र एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका.

आधारच्या झेरॉक्सचं मला जास्त भय वाटतं. कंपनीकडे आमची कागदपत्रं कधी गेलीच नाहीत, मग ती आहेत कुठे? सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं. आम्ही सगळ्यांनी तपासलं. एका घरी अनोळखी नंबर निघाला, तो तिथूनच बंद करायला टाकला. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, देव जाणे.

आता दुसऱ्या कंपनीचं घेतलंय. अर्जावर सही माझी, ओटीपी माझ्या फोनवर, पैसे ॲपमधून, बिलावर जीएसटी क्रमांक. महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या साइटवर टाकून कुणाचा ते बघता येतं. बसवणाऱ्या मुलाने खांबावरून काळी चपटी वायर आणली, तिचं साल काढून केसासारखा तंतू मशीनमध्ये दुसऱ्या तंतूशी जोडला आणि प्रकाश किती जोराने पोचतो ते मोजणारा पॉवर मीटर लावून उणे एकवीस डीबीएम दाखवलं. हा आकडा बघून घ्या. उणे सत्तावीसच्या खाली गेला, म्हणजे प्रकाश फारच क्षीण असला, तर पावसाळ्यात नेट रडवणार. त्याला म्हटलं जोड परत करून दे, तर मुकाट्याने करतो.

जिल्हा आयोगात तक्रार टाकायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही आणि अर्ज ऑनलाइन होतो. सहा घरं सहीला तयार आहेत. कोपऱ्यावरचं घर मात्र "आपल्याला कशाला भानगड" म्हणतं. जिन्याखालच्या डब्याचं वीजबिल त्यांच्या मीटरवर पडायचं, त्या बदल्यात केबलवाल्याने यांचं डिपॉझिट आणि निम्मं वर्ष माफ केलं होतं, असं परवा कळलं.