फ्रिज मॅग्नेट : शोभेचे जाडजूड घ्यावेत की निओडिमियमचे छोटे?

बाजारात आता सरळ दोन प्रकार दिसतात. एक आपले नेहमीचे रेझिनचे, कोल्हापुरी चप्पल, गणपती, वडापाव वगैरे, मागे काळी रबरी पट्टी नाहीतर फेराइटची (साध्या, काळपट चुंबकाची) चकती चिकटवलेली. दुसरे निओडिमियमचे, म्हणजे त्या नावाच्या धातूच्या मिश्रणाचे, छोटे पण फार जोराचे, सोंगटीसारखे रंगीत किंवा वर लाकडी टोपी असलेले. दिसायला पहिले भारी, त्यात वादच नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत, दोन्ही वापरतो.

पण मला वैताग आणला तो घसरण्याने. नुसतं लाईट बिल असेल तर चप्पल आरामात धरते, मग त्यावर शाळेचं टाइमटेबल, गॅसची पावती, सोसायटीची नोटीस असं चढत जातं आणि फ्रिजचं दार कुणी जरा जोरात लावलं की सगळा गठ्ठा बोटभर खाली, परत लावलं की अजून बोटभर, आणि संध्याकाळी नोटीस शोधायला फ्रिजखाली झाडू घालायचा. त्या रबरी पट्टीत उत्तर-दक्षिण ध्रुव बारीक रेघांसारखे आलटूनपालटून असतात, त्यामुळे पत्र्याला चिकटून पकड ठीक असते पण मध्ये तीन-चार कागद आले की जोर झपकन उतरतो, वर रेझिनचं वजन आहेच खाली ओढायला. फेराइटची चकती त्यातल्या त्यात बरी, पण ती बऱ्याचदा एवढुशी असते आणि गोंद सुटला की चप्पल हातात, चकती फ्रिजवर.

निओडिमियमची नखाएवढी चकती तोच गठ्ठा धरून ठेवते, दार आपटलं तरी. पाकिटावर 'अमुक किलो' लिहिलेलं असतं ते मात्र फार मनावर घेऊ नका, तो आकडा जाड लोखंडावरून सरळ बाहेर ओढल्यावरचा असतो, आपल्या फ्रिजचा पत्रा पातळ आणि कागद सरकतो खालच्या दिशेने, तिथे घर्षणाचा खेळ. म्हणून बुडाला पातळ रबर असलेले मिळाले तर बघा. कागदांसाठी एन ३५ (हा चुंबकाच्या ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तेवढा जोर जास्त) पुरतं असं मला तरी वाटतं, एन ५२ घेतलात तर काढताना नखं तुटतील. ऑफिसात काचेचा बोर्ड असेल तर मात्र विचारच नको, निओडिमियमच घ्या, काचेच्या जाडीमुळे साधे मॅग्नेट तिथे टिकत नाहीत. आणि काही स्टेनलेस स्टीलच्या दारांना कुठलाच चिकटत नाही, आधी घरातला एखादा लावून बघा.

त्रास निओडिमियमचाही आहे. दोन जवळ आले की फटकन एकमेकांवर आदळतात, मध्ये कातडी सापडली तर चांगलंच कळतं, टवका उडतो आणि निकेलचा थर गेला की पावसाळ्यात गंज, त्याचा डाग कागदावर. पेसमेकर असलेल्या माणसाने छातीपासून लांब ठेवावेत. ते सांभाळता येतं.

एकाच ठिकाणी मी माझी शिफारस मागे घेईन, घरात सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर. असे दोन पोटात गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात, भोक पडू शकतं, ऑपरेशनची वेळ येते. अशा घरात मोठी चप्पलच बरी, फक्त चकती पक्की बसलीय ना ते अधूनमधून बघायचं आणि एका मॅग्नेटला एकच कागद.