डबलसीट आणि तंबू: गोदावरीकाठ की नर्मदाकाठ?

उगमापासून समुद्रापर्यंत नदीच्या सोबतीने बाइकवर डबलसीट जायचं आणि जमेल तिथे तंबू ठोकायचा, असं ठरलं की आपल्याकडच्या जोडप्यांपुढे सहसा दोन नावं येतात. गोदावरी १,४६५ किलोमीटर, नर्मदा १,३१२. या आकड्यांवर निवड करू नका. रस्ता नदीला सोडून इतके वळसे घेतो की दोन्हीकडे गाडी त्याहून जास्तच पळते. माझ्या मते, रात्री कुठे आणि कशा काढायच्या आहेत, ते आधी ठरवा.

गोदावरीची सुरुवात घराजवळ होते, हा तिचा मोठा फायदा. मुंबई-पुण्याहून सकाळी निघालात तर संध्याकाळच्या आत त्र्यंबकेश्वर. नांदूर मध्यमेश्वरला पहाटे पोहोचा. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा आहे आणि हिवाळ्यात तिथे पक्ष्यांची जत्रा असते. पैठणला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, येतो. पण पुढे गंगाखेड, नांदेडपर्यंत नदी रस्त्यावरून फारशी दिसतच नाही. काळ्या मातीत खोल गेलेलं पात्र, दोन्ही अंगांना ऊस नाहीतर कापूस, आणि पूल आला की तेवढ्यापुरतं दर्शन. तंबूची जागा म्हणजे कुणाचं तरी शेत, तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय खुंटी मारू नये. शिवाय हिवाळा हाच गाळपाचा हंगाम. उसाने खचाखच भरलेल्या ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. या पट्ट्यात दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचायचंच.

गोदावरीचं खरं रूप सिरोंचाजवळ उलगडतं. पूल ओलांडला की काळेश्वर, आणि प्राणहिता नदीचं पाणी मिळून पात्र एकदम समुद्रासारखं रुंद. पुढे भद्राचलम. तिथून पापिकोंडलूच्या डोंगरांमधून नदी वाट काढते, पण तो भाग पाहायचा तर बोटीनेच. बाइकसाठी चिंतूर–मारेडुमिल्लीचा घाट आहे, दाट जंगलातला, वळणावळणांचा. इथे सामान कसं बांधलंय ते कळतं. मागच्या कॅरिअरवर उंच रचलं असेल, त्यात मागे माणूस, तर पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणावर हँडल भरकटतं. स्टोव्ह, भांडी, हत्यारं असं जड सगळं सॅडलबॅगेत खाली, स्लीपिंग बॅग तेवढी वर. शेवट अंतर्वेदीला, जिथे वसिष्ठ गोदावरी हा तिचा फाटा बंगालच्या उपसागराला मिळतो.

नर्मदेचं उलट. तिचा उगम अमरकंटकला, आपल्यापासून लांब, तिथे पोहोचण्यातच दोन-तीन दिवस जातात, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडी अशी की साधी स्लीपिंग बॅग पुरत नाही. पण एकदा डिंडोरी-मंडल्याकडे उतरलात की मुक्कामाची चिंता बरीचशी मिटते. पिढ्यान्‌पिढ्या परिक्रमावासी, म्हणजे नर्मदेला पायी प्रदक्षिणा घालणारे, या काठाने चालत आलेत, त्यामुळे अनोळखी माणसाला रात्रीपुरता आसरा देणं इथल्या गावांच्या अंगवळणी पडलंय. ‘नर्मदे हर’ म्हणत आश्रमाच्या अंगणात शिरा, तंबू लावू का विचारा; बऱ्याचदा तंबूची जागा दाखवायच्या आधी जेवायला बसवतात. बाईमाणसाला संडास-न्हाणीची सोय मिळते, ही गोष्ट जोडप्यासाठी फार मोठी आहे. मात्र काही ठिकाणी बायका-पुरुषांची झोपायची जागा वेगळी असते, ते मानायचं. दारू-मटणाचा विषयही काढायचा नाही. तंबूची सवय नसेल तर इंदिरासागर धरणाच्या जलाशयाकाठी हनुवंतियाला हिवाळ्यात तयार तंबू मिळतात. तिथे एक रात्र काढून बघा.

भेडाघाट, ओंकारेश्वर, महेश्वर यांबद्दल सगळ्यांना ठाऊक आहेच. धोका वेगळाच आहे. बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी धरणांची माळ आहे आणि पाणी सोडलं की कोरडी वाळू बघता बघता बुडते. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला अमावास्येच्या स्नानाला जमलेले कितीतरी भाविक असेच वाहून गेले. वाळूवर तंबू नको म्हणजे नको. काठावरच्या झुडपांत गवत-प्लास्टिक कुठवर अडकलंय ते बघा, आणि त्याच्या बऱ्याच वर जागा शोधा. सरदार सरोवराच्या आसपास मगरी आहेत, तिथे पाण्याजवळ मुक्काम करायचाच नाही.

बडवानीनंतर शूलपाणीच्या डोंगरात नदीकाठाने रस्ता नाही. खेतिया, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, डेडियापाडा असा आपल्या नंदुरबारमधून वळसा घालून राजपीपळा गाठायचं. गरुडेश्वरला दत्तभक्त टेंब्येस्वामींची (वासुदेवानंद सरस्वतींची) समाधी आहे; तिथे मराठी माणसाला परकं वाटत नाही.

दोघांचा हा पहिलाच लांबचा प्रवास असेल तर मी नर्मदा सांगेन, आणि तीही सगळी नको: मंडला ते महेश्वर पुरे. मागे बसणाऱ्याची पाठ-कंबर दर तासाभराने उतरायला मागते, आणि या काठावर उतरावं असं काहीतरी सतत भेटतं. गोदावरी त्यांनी घ्यावी ज्यांना तंबू अधूनमधूनच लावायचाय, लॉज चालतो, आणि प्रदेश, भाषा, जेवण बदलत जाताना बघायचंय. फक्त २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थ कुंभमेळा आहे, पर्वण्यांच्या म्हणजे मुख्य स्नानांच्या दिवसांत तिकडून सुरुवात करू नका.

परतीचाही हिशेब आताच करा. नर्मदा भरूचजवळ समुद्राला मिळते; तिथून बाइक चालवतच घरी येता येतं. अंतर्वेदीहून तेवढंच अंतर उलट तुडवायचं नसेल तर राजमहेंद्रीच्या पार्सल ऑफिसातून गाडी रेल्वेने पाठवावी लागते. टाकी रिकामी करून, आरसीची प्रत जोडून.