रक्तकर्करोगात मृत्यूचा अंदाज: तयार स्कोअर, कॉक्स की रँडम फॉरेस्ट?

रुग्णालयाच्या रोजच्या नोंदींवरून हा अंदाज बांधायचा तर तीन वाटा समोर असतात.

तयार स्कोअर सगळ्यात स्वस्त. लिम्फोमासाठी (लसीका संस्थेच्या कर्करोगासाठी) १९९३चा आयपीआय हा स्कोअर पाच गोष्टी विचारतो: वय ६०च्या वर, रक्तात वाढलेले एलडीएच (पेशींना इजा झाली की वाढणारे एन्झाइम), इकॉग (रुग्ण किती हिंडताफिरता आहे याचा दर्जा; जास्त म्हणजे वाईट) २ किंवा जास्त, तिसरी-चौथी स्टेज, लसीका गाठींबाहेर एकाहून अधिक ठिकाणी आजार. मात्र तो रिटुक्सिमॅब या लिम्फोमावरच्या औषधाच्या आधीचा आहे. कोणाचा धोका जास्त हे तो आजही सांगतो, पण किती टक्के जगतील याचे त्याचे जुने आकडे वापरू नका. मायलोमाच्या (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या) २०१५च्या सुधारित आयएसएस या स्कोअरला फिश तपासणी (पेशींच्या गुणसूत्रांतले बदल शोधणारी) लागते आणि नोंदींत नेमकी तीच बऱ्याचदा सापडत नाही.

कॉक्स मॉडेल (१९७२), म्हणजे मृत्यूपर्यंतच्या काळाचे संख्याशास्त्रीय मॉडेल, आपल्याच रुग्णांवर बसवता येते आणि प्रत्येक घटकाचे वजन डॉक्टरांना दाखवता येते. अडचण एकच, पण मोठी: दोन रुग्णांमधल्या धोक्याचे गुणोत्तर काळाबरोबर बदलत नाही असे ते धरून चालते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात इंडक्शनच्या (सुरुवातीच्या जोरदार केमोथेरपीच्या) पहिल्या महिन्यातला मृत्यू बहुधा संसर्ग किंवा रक्तस्रावाने होतो, वर्षानंतरचा आजार उलटल्याने; म्हणून घटकांचे वजनही काळाबरोबर बदलू शकते. शोएनफेल्ड रेसिड्युअल्स (हे गृहीतक टिकते का हे त्यांवरून कळते) तपासा; गृहीतक मोडत असेल तर ३० दिवसांचे आणि पुढचे मॉडेल वेगळे करा. मॉडेलमधल्या दर गुणांकामागे (घटकाच्या वजनामागे) निदान १० मृत्यू हा ढोबळ नियम आहे. १५० मृत्यूंवर ४० घटक लादू नका. रिज किंवा लासो (घटकांची वजने आकसवणाऱ्या पद्धती) लावा.

रँडम सर्व्हायव्हल फॉरेस्टला (२००८; अनेक निर्णयवृक्षांचे मिळून उत्तर काढणारे मॉडेल) हे गृहीतक लागत नाही आणि घटकांमधले गुंतलेले संबंध ते स्वतः शोधते. त्याची डेटाची भूक मात्र मोठी, आणि एखाद्या रुग्णाचा धोका जास्त का आला हे समजावणे अवघड.

खरे नुकसान बहुतेकदा मॉडेल निवडण्याआधीच झालेले असते. काळ निदानापासून मोजायचा आणि घटक म्हणून ‘प्रत्यारोपण झाले’ घ्यायचे, असे केले की प्रत्यारोपणापर्यंत जगलेलेच त्या गटात येतात आणि प्रत्यारोपण आहे त्याहून गुणकारी दिसते. सुरुवातीचा क्षण ठरवा. त्यानंतरचे काहीही घटकांत नको. घरी झालेला मृत्यू रुग्णालयाच्या फाइलमध्ये येत नाही, म्हणून मृत्युनोंदणीशी जुळवणी करा. नाहीतर फॉलो-अपला न आलेला रुग्ण जिवंत धरला जातो. एलडीएच कोरे असणे हाही संकेत असतो: तपासणी कधी मागवायची हा त्या विभागाचा शिरस्ता असतो. फॉरेस्ट तो शिरस्ता पटकन शिकते आणि दुसऱ्या रुग्णालयात तोंडघशी पडते.

आमचे मत: एका रुग्णालयाचे काहीशे रुग्ण असतील तर रिज लावलेले कॉक्स घ्या. अनेक केंद्रांतले हजारो मृत्यू हाताशी असतील तरच शेजारी फॉरेस्ट चालवा. दोन्ही जुन्या वर्षांवर शिकवा, नंतरच्या वर्षांवर तपासा. केवळ सी-इंडेक्स (कोणाचा धोका जास्त हा क्रम किती बरोबर लागला याचे माप) ०.०१ने वाढला म्हणून फॉरेस्ट स्वीकारू नका. ४० टक्के धोका सांगितलेल्यांपैकी खरोखर ४० टक्क्यांच्या आसपास दगावतात का, ते कॅलिब्रेशनच्या आलेखावर आधी बघा.