ईयूएसवर थिसिस: पेशंट घेऊ का पेपर मोजू?

धुळे-जळगावच्या मेडिकल पीजीवाल्या पोरांचा हा प्रश्न थिसिसच्या टायमाला ठरलेला असतो. गॅस्ट्रोची आवड आहे, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडवर (ईयूएस, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) काहीतरी करायचंय, मग पेशंट घेऊन ईयूएस आणि एमआरसीपीची (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) तुलना करू, का आजवर यावर काय काय छापून आलं त्याचा ट्रेंड काढू?

पेशंटवालं आधी बघू. पित्तनळीतला खडा ओपीडीत नेहमी दिसतो म्हणून सोपा वाटतो, पण 2015 च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (आधीचे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) ईयूएसची सेन्सिटिव्हिटी (खडा असेल तर तो पकडायची ताकद) 95 टक्के आणि एमआरसीपीची 93, स्पेसिफिसिटी (खडा नसेल तर नाही म्हणायची ताकद) 97 आणि 96, म्हणजे फरक इतका कमी की चाळीस-पन्नास पेशंटवर तुम्हाला काही सापडणार नाही भो. त्यात कॉलेजात मशीन नसेल तर पेशंट नाशिक नाहीतर मुंबईला पाठवा, आणि धडगाव-अक्कलकुव्याचा माणूस एकदा दुखायचं थांबलं की फॉलोअपला कशाला येतोय, त्याची मजुरी बुडते ना. पण ड्युओडेनममधून (लहान आतड्याच्या सुरुवातीतून) पित्तनळी कशी दिसते, खड्यामागे काळी सावली कशी पडते, हे मशीनजवळ उभं राहूनच कळतं.

ट्रेंडवाल्या कामाला पेशंट लागत नाही, एथिक्स कमिटीला कळवावं लागतं पण सहसा त्रास होत नाही. पबमेड (मेडिकल पेपर शोधायची साइट) फुकट, कोणता विषय कशाशी जोडलाय याचे नकाशे काढायला व्हीओएसव्ह्यूअर फुकट, सरकारी कॉलेज असेल तर 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून बरेच फुल पेपरही मिळतात. स्कोपसला (पेपरांचा दुसरा डेटाबेस) मात्र पैसे लागतात, लायब्ररीत आधी विचारा.

आता मेख सर्चमध्ये आहे. नुसतं ईयूएस टाकलं की लघवी अडवणाऱ्या बाहेरच्या स्नायूचे (एक्स्टर्नल युरेथ्रल स्फिंक्टर) पेपर येऊन पडतात, त्याचंही शॉर्टफॉर्म तेच. जुने लोक एंडोसोनोग्राफी लिहायचे, नंतरचे एंडोस्कोपिक अल्ट्रासोनोग्राफी, आताचे अल्ट्रासाउंड, तिन्ही टाकले नाहीत तर मधलीच वर्षं गायब, आणि तुम्ही लिहिणार की रिसर्च वाढला! चालू वर्षाचा आकडा तर ग्राफमध्ये घेऊच नका, तो अर्धवटच असतो.

विषय मात्र भारी आहे. 1980 च्या सुमारास हे तंत्र आलं तेव्हा नुसतं बघायचं काम होतं, कॅन्सर भिंतीत किती खोल गेलाय वगैरे. 1992 मध्ये डेन्मार्कच्या विलमनने स्वादुपिंडातून सुईने नमुना काढल्याचं छापलं, 2001 मध्ये जिओव्हानिनीने ईयूएसने पित्तनळीचा निचरा केला, मग इलास्टोग्राफी (गाठ किती कडक ते बघणं), काँट्रास्ट (शिरेतून औषध देऊन गाठीचा रक्तपुरवठा बघणं), आणि आता जिकडेतिकडे एआय. एआयचे पेपर धडाधड येताहेत पण बरेचसे एकाच हॉस्पिटलचे आणि जुन्या फोटोंवरचे, त्यामुळे पेपर जास्त म्हणजे पुरावा जास्त असं समजू नका, हे माझं ठाम मत.

मग घ्यायचं काय? मशीन आणि ईयूएस करणारे सर दोन्ही हाताशी असतील तर पेशंटच घ्या, कष्ट पडले तरी चालेल, पण एमआरसीपीशी तुलना न करता विषय वेगळा शोधा. नसतील तर ट्रेंडवर जा, फक्त अख्खा ईयूएस उचलू नका, इलास्टोग्राफी विरुद्ध काँट्रास्ट एवढंच घ्या, सगळे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट स्वतः वाचता येतील इतकं. नुसता रंगीबेरंगी नकाशा छापून दिला तर एक्झामिनर पहिलाच प्रश्न विचारेल, यातले तू वाचले किती?